विहिरीच्या तळाशी

आमच्या गावात पोहता न येणारी दोनच पोरं होती आणि ती दोन्ही आमच्याच घरातली होती, मी आणि माझा धाकटा भाऊ दत्तू. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसायचा, कारण आमचे वडील, आबा, म्हणजे पंचक्रोशीतले पाण्याचे माणूस. कुणाची कळशी विहिरीत पडो, इंजिनाचा पाइप तळाला जावो, नाहीतर एखादं वासरू कठड्यावरून आत कोसळो, पहिला निरोप आमच्या दारात यायचा. कामथडीहून, पार सारोळ्याहूनसुद्धा माणूस सायकल मारत यायचा आणि आबा हातातली भाकरी टोपल्यात टाकून त्याच्या कॅरिअरवर बसून जायचे. कधीकधी वर काढायचं ते माणूस असायचं. अशा दिवशी आबा परत आले की परसात दगडावर बसून अंगावर तांब्या तांब्या पाणी घेत राहायचे, आणि आई त्यांना काही विचारायची नाही.

माझ्या आधीची एक बहीण होती, शांता. ती गेली तेव्हा मी रांगत होते, त्यामुळे तिचा चेहरा मला आठवत नाही. पण घरात तिचं नाव रोज असायचं, न घेतलेलं. आई वरच्या विहिरीवर धुणं धुवत होती आणि शांता शेजारी बसून आपलं एक फडकं आपटत होती. ते फडकं पाण्यात गेलं, त्याच्यामागे ती वाकली, आणि शेवाळलेल्या पायरीवरून गेली ती गेलीच. आई माहेरची हिर्डोशीची, डोंगरातली. तिकडच्या बायकांना ओढा माहीत, पोहणं नाही. पुरुष माणसं सगळी लांबच्या शेतात. चुलती सांगायची की आई काठावर उभी राहून शांताच्या नावानं हाका मारत होती, घसा बसेपर्यंत मारत होती, आणि पाणी असं काळंशार की आतलं काही म्हणता काही दिसत नव्हतं. आबा धावत आले आणि एका बुडीत त्यांनी तिला वर आणलं, पण उशीर झाला होता. दुसऱ्यांच्या विहिरीतून माणसं काढणाऱ्या आबांना आपलंच लेकरू काढावं लागलं, यावर ते जन्मभर एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर आई त्या विहिरीवर गेली नाही. गावातल्या सगळ्या बाया तिथं जायच्या, आई मात्र धुणं आणि प्यायचं पाणी दोन्हीसाठी खालच्या ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर जायची, लांब पडायचं तरी. दत्तू जन्मल्यावर तिनं आबांचा हात त्याच्या टाळूवर ठेवून घेतला आणि म्हणाली, "ह्या दोगांना पान्यात घालायचं न्हाई. तुमी न्हाई आन् दुसऱ्या कुनी न्हाई." आबांनी मान हलवली. आमच्या बाबतीतला आईचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही. मला पोहणं शिकवायला त्यांचा हात नुसता शिवशिवत असणार, हे मला आता आजी झाल्यावर कळतं.

उन्हाळ्यात सगळं गाव त्या विहिरीत असायचं. दगडी बांधणीची, एका अंगाला पायऱ्या, कठड्यापाशी शेंदूर लावलेले आसरांचे, पाण्यातल्या देवींचे, सात दगड. पाण्यात उतरायच्या आधी प्रत्येकानं त्या दगडांना हात लावून तो कपाळाला लावायचा, आणि मग धबाधब उड्या. नवशिक्या पोराच्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा ओंडका बांधायचा आणि त्याला काकानं सरळ वरून ढकलायचं, ही आमच्याकडची शाळा. शिकला की भोपळा सुटायचा आणि खरी परीक्षा सुरू व्हायची, ती म्हणजे दम. कोण किती वेळ दम धरतो, यावर पोराची पत ठरायची. छाती भरून हवा घ्यायची, गाल फुगवायचे, डोळे घट्ट मिटायचे, तळाला जायचं आणि मूठभर चिखल घेऊन वर यायचं. चिखल दाखवला तरच तळ लागला असं मानायचे. माझा चुलतभाऊ बाळू यात सगळ्यांचा बाप होता. तो खाली गेला की वरची पोरं मोठमोठ्यानं आकडे म्हणायची, आणि बाळू वर येऊन चिखल हवेत उडवायचा. मी कठड्यावर बसून सगळ्यांचे कपडे सांभाळायची. माझ्या अंगाची नुसती आग व्हायची, उन्हानं कमी आणि रागानं जास्त.

असाच एक उन्हाळा चालू असताना बशीरभाई आले. जवळच्या धरणाच्या भिंतीला पाण्याखाली लोखंडी दारं असतात, त्यातल्या एकाच्या खाचेत पुरात वाहून आलेला भला मोठा ओंडका अडकला होता आणि दार नीट बसत नव्हतं. त्या कामासाठी हा पाण्याखाली काम करणारा माणूस टेम्पोतून सामान घेऊन हजर झाला. मूळचा कोकणातला, समुद्राकाठचा, आयुष्य जहाजांच्या बुडाखाली गेलेलं. त्याच्या हाताखाली पाण्याची भीती नसलेला माणूस हवा होता, म्हणून धरणावरच्या साहेबांनी आबांना बोलावलं, आणि राहायला जागा हवी म्हणून बशीरभाई आमच्या पडवीत आले. उंच, काळे, दाढीत पांढरे केस, आणि आवाज इतका हळू की आईला ते काय म्हणाले ते दोनदा विचारावं लागायचं. पाण्याखाली बोलता येत नाही, त्यामुळे वरही बोलायची सवय गेली, असं ते म्हणायचे.

आमचं घर तसं गप्पच होतं. त्यांच्या येण्यानं त्यात पहिल्यांदा आवाज शिरला, तो म्हणजे हवा भरायच्या यंत्राचा. रोज तिन्हीसांजेला ते अंगणात धडधडायला लागलं की कोंबड्या परसात पळायच्या, म्हैस दूध चोरायची आणि आई कपाळाला हात लावायची. यंत्राची नळी पोलादी टाक्यांना लावलेली असायची. टाक्या दोन होत्या, एक कामाची आणि एक राखीव. वारा कोंबून कोंबून त्यात भरायचा आणि पाण्याखाली तो नळीनं प्यायचा, असं आम्हाला समजलं, आणि त्यावरून पोरांनी त्यांना 'वाऱ्याची टाकी' हे नाव दिलं. दत्तू टाकीला कान लावून बसायचा. आतला वारा घोंगावतोय असं त्याचं म्हणणं.

जेवायला बशीरभाई आमच्यातच बसायचे. आई नाचणीच्या भाकरी, कुळथाचं पिठलं, कधी अंबाडीची भाजी करायची. ते येताना पिशवीभर सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, आणि सुके बोंबील घेऊन आले होते. आमच्याकडे वरंध्याच्या घाटानं सुकट यायची ती खारट आणि वाळूची, पण हे सोडे म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. आईनं ते कांद्यावर परतले की वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि चुलती काहीतरी मागायचं निमित्त काढून यायची. आंबेमोहराच्या भातावर ते कालवण मी जितकं खाल्लं तितकं नंतर कुठल्याही लग्नात खाल्लं नसेन. आता डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. तरी कधी सोड्यांचा वास आला की मला आधी ती अंगणातली धडधडच ऐकू येते.

एकदा जेवताना दत्तूनं त्यांना विचारलं, "तुमाला पान्याखाली समदं दिसतं का?" बशीरभाई हसले. म्हणाले, "धरणात कुठलं दिसायला? गाळ असतो. हात डोळ्यापुढं धरला तरी दिसत नाही. खाली गेलं की अंधार, नुसतं चाचपडत काम करायचं." आई पिठलं वाढत होती. तिचा हात तसाच थांबला, मग तिनं पळी पातेल्यात ठेवली आणि ती आत निघून गेली. आबांनी पानातली नजर वर केली नाही. बशीरभाईंना काही कळेना. मला मात्र कळलं. तिच्या डोळ्यापुढे धरण नव्हतं, वरची विहीर होती, आणि त्या अंधारात शांता एकटी होती. आबांनी नंतर पडवीत जाऊन त्यांना सगळं हळू आवाजात सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून बशीरभाई आईपुढे पाण्याचं नाव काढेनासे झाले.

मग धरणावरचं काम अडलं. ओंडका कापायची कसली तरी करवत मुंबईहून यायची होती आणि ती येईना. भोरच्या स्टँडवर प्रत्येक एसटी बघून आबा रिकाम्या हातानं परत यायचे. रिकामं बसून काय करायचं, म्हणून बशीरभाई नळ्या नीट चालतात का ते बघायला टाकी घेऊन वरच्या विहिरीवर गेले, आणि त्यांच्यामागे सगळं गाव. आसरांच्या दगडांपाशी आबांनी त्यांना खूण केली, तशी त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडून पायऱ्या उतरले. डोळ्यांवर काचेचा चष्मा, पायांत बदकासारखे रबरी पाय, पाठीवर टाकी. एकही शिंतोडा न उडवता हा माणूस पाण्यात मावळून गेला. आम्ही वाट बघतोय. वर फक्त बुडबुडे, गुडगुड गुडगुड. बाळूच्या टोळीतल्या पोरांनी आकडे म्हणायला सुरुवात केली. म्हणता म्हणता त्यांचे आकडे संपले, पुन्हा पहिल्यापासून म्हटले, पुन्हा संपले, आणि मग एकेक पोर गप्प होत गेलं. एक म्हातारी आसरांना नवस बोलायला लागली. बशीरभाई वर आले तेव्हा विहिरीवर इतकी शांतता होती की त्यांच्या अंगावरून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. आमच्या गावात दम म्हणजे मोठेपणा, आणि या माणसाला दम लागतच नव्हता. बाळूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

त्यानंतर पोरांनी त्यांना सोडलं नाही. बशीरभाईंनी एकेकाला पायरीवर बसवलं, नळीचं तोंड दातांत धरायला दिलं आणि सांगितलं की डोकं पाण्यात घाल आणि श्वास घे. झालं काय, की एकाही पोराला ते जमेना. पाणी कपाळाला लागलं रे लागलं की छाती फुगवायची, गाल ताठ करायचे, डोळे मिटायचे आणि दम धरून बसायचं. तोंडात वाऱ्याची नळी आणि पठ्ठे श्वास कोंडून बसलेले. बाळूनं तर इतका वेळ दम धरला की निळा पडायची वेळ आली, आणि वर येऊन ऐटीत म्हणतो, "किती येळ ऱ्हायलो?" बशीरभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, राहायचं नाही. श्वास घ्यायचा. घ्यायचा आणि सोडायचा, चुलीपुढं बसल्यासारखा."

पोरांना पटेना. तेव्हा त्यांनी एक पातळ प्लास्टिकची पिशवी घेतली, ती घेऊन तळाला गेले, तिथं नळीच्या वाऱ्यानं ती पाऊण भरून तोंड बांधलं आणि सोडून दिली. पिशवी वर येता येता आपोआप फुगत गेली आणि पाण्याच्या वर डोकं काढते न काढते तोच फाटकन फुटली. बशीरभाई वर येऊन म्हणाले, "खाली घेतलेला श्वास कोंडून वर आलात तर छातीचं हे होतं. दम धरणाऱ्याला मी खाली नेणार नाही." मग त्यांची नजर कठड्यावर माझ्याकडे गेली. "ही का येत नाही?" सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "तिला बंदी हाय." त्यांनी मान डोलावली.

माझी नात पुण्याला असते. गेल्या सुट्टीत तिला तरणतलावात टाकी लावून पाण्याखाली नेलं होतं. लहान पोरांसाठी लहान टाक्या, रंगीत चष्मे, सगळा थाट. फोनवर मला शिकवायला लागली, "आजी, पहिला नियम माहितीये का? श्वास कधीच थांबवायचा नाही." मी म्हटलं, हो का गं बाई, बरं झालं सांगितलंस.

पिशवी फुटली त्या दिवशी संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. बशीरभाई राखीव टाकी घेऊन अंगणातून आत आले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचं घंगाळ घेऊ का? पोरांना गंमत दाखवतो. घंगाळात काही होत नाही." आई घंगाळाकडे बघत म्हणाली, "घ्या की भाऊ, त्यात काय मांजर बी बुडायचं न्हाई." तांब्याचं मोठं घंगाळ काठोकाठ भरलं. दत्तूनं तोंड घातलं आणि ठसका लागून पळाला. मग मी. मला दम धरायला कुणी शिकवलंच नव्हतं. पाण्यात तोंड घातल्यावर काय करायचं असतं ते मला माहीतच नव्हतं, म्हणून मी सांगितलं तेवढंच केलं. श्वास घेतला. तो आला. थंड, रबराच्या वासाचा, पण आला. सोडला, तर कानांशेजारून बुडबुडे गुदगुल्या करत गेले. पुन्हा घेतला, पुन्हा आला. डोळ्यांपुढे घंगाळाचा तांबडा तळ लखलखत होता आणि मी पाण्यात जिवंत होते. मला हसू आलं, पाण्यातच.

वरचं मला नंतर कळलं. आई आधी हसत होती. मी तोंड वर काढेना तशी ती तव्यावरची भाकरी टाकून धावत आली आणि माझ्या पाठीवर पिठाचा हात ठेवला. पाठ वरखाली होत होती. ती गेली, भाकरी उलटली, पुन्हा आली, पुन्हा हात ठेवला. सगळी टोपली भरून होईपर्यंत ती अशीच चुलीपासून घंगाळापर्यंत येरझाऱ्या घालत होती. शेवटी मी तोंड वर काढलं तेव्हा माझ्या पाठीवर पिठाचे पंजेच पंजे उमटले होते.

बशीरभाई म्हणाले, "वहिनी, गावातली सगळी पोरं दम धरतात. ही एकटी श्वास घेते. तुम्ही हो म्हणालात तर हिला मी विहिरीच्या तळाशी नेऊन आणतो. नाही म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही."

आबा घाईघाईनं म्हणाले, "नगं नगं, बशीरभाय. आमचा शब्द झालाय."

आई चुलीकडे वळली. चुलीतलं लाकूड मागे ओढलं, हात पुसले, आणि माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मी खाली मान घातली. मग म्हणाली, "मी येनार. हिच्या कमरंला दोर बांदायचा आन् दोर माज्या हातात ऱ्हाईल." आबांनी चमकून वर बघितलं. आई त्या विहिरीवर यायला तयार झाली, हेच मुळात त्यांच्या कानांना खरं वाटेना. ती का तयार झाली असेल, यावर मी आयुष्यभर विचार केलाय.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आल्यावर आम्ही निघालो. ऊन सरळ आत पडतं तेव्हाच विहिरीत उतरायचं, असं बशीरभाईंचं म्हणणं होतं. आईनं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि ताटात हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, नारळ घेतला होता. तिनं सातही दगडांपुढे डोकं टेकलं. विहिरीवर बाया जमल्या होत्या. आबा धोतर खोचून शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभे राहिले, म्हणजे वेळ पडली तर उडी घ्यायला. आईनं माझ्या कमरेला दोर स्वतः बांधला, गाठ तीनतीनदा ओढून बघितली आणि काठावर जाऊन उभी राहिली. कुठं उभं राहायचं हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. चुलतीनं तोंडाला पदर लावला, तेव्हा मला कळलं की आई त्या दिवशी जिथं उभी होती तिथंच ती आताही उभी होती.

बशीरभाईंनी मला वजनाचा पट्टा बांधला, चष्मा लावला, राखीव टाकी आपल्या काखेत धरली आणि दुसऱ्या हातानं माझा दंड पकडला. "कान दुखले की नाक चिमटीत धरून फुंकायचं. श्वास कोंडायचा नाही. भीती वाटली तर माझा हात दाब, लगेच वर." मी मान हलवली. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. वरून बघितलं तर पाणी नेहमीसारखंच काळं होतं.

आणि मग ते डोक्यावरून मिटलं, आणि काळं काहीच नव्हतं. सगळं हिरवं होतं, पण चिंचेच्या कोवळ्या पानातून ऊन दिसावं तसं हिरवं. उन्हाचे खांब वरून सरळ तळापर्यंत गेलेले आणि ते हलत होते. विहिरीच्या चिऱ्यांवर शेवाळाच्या लांब दाढ्या झुलत होत्या, दोन चिऱ्यांमधल्या फटीतून बोटाएवढे मासे बाहेर येऊन मला बघत होते आणि पुन्हा आत जात होते. कान दुखले, मी फुंकले, आत कुठंतरी टच्च वाजलं आणि दुखणं गेलं. आवाज एकच, माझ्या श्वासाचा. आजवर मी श्वास घेत होते हे मला त्या दिवशी कळलं. पाय तळाला लागले, तेव्हा मी बशीरभाईंचा हात दाबला, पण वर जाण्यासाठी नाही. त्यांनी माझ्याकडे बघून डोळे बारीक केले. ते हसत होते.

गावातला प्रत्येक जण या तळाला येऊन गेला होता, डोळे मिटून, मूठभर चिखल घेऊन पळून जाण्यापुरता. तळ कुणी बघितलाच नव्हता. बशीरभाईंनी मला एका कोपऱ्याकडे नेलं. तिथं काळ्या कातळाला एक चीर होती आणि तिच्या तोंडाशी वाळू उकळल्यासारखी नाचत होती. मी हात पुढे केला तर बर्फासारखं गार पाणी तळहाताला ढकलायला लागलं. तो झरा होता. पणज्याच्या काळापासून ज्यावर आमचं गाव जगलं, आणि ज्याचं पाणी फक्त आमच्याच घरात येत नव्हतं, तो एवढासा, माझ्या तळहातात मावणारा. वाळूचे कण वर उडायचे, उन्हात चमकायचे, हळूच खाली बसायचे आणि पुन्हा उडायचे, कुणी बघत असो वा नसो. मी देव बघितलेला नाही. पण देवाचं नाव निघालं की आजही माझ्या डोळ्यांपुढे ती नाचणारी वाळूच येते.

मग मी वर बघितलं. डोक्यावर एक मोठं गोल तावदान होतं, उजेडाचं. माझे बुडबुडे त्यावर जाऊन फुटायचे, तावदान थरथरायचं, आणि पुढच्या श्वासाआधी क्षणभर अगदी निवळायचं. त्या क्षणात सगळं दिसायचं. निळं आभाळ, कठडा, पायऱ्यांवरचे आबांचे पाय, आणि काठावर वाकलेली आई. हिरवं लुगडं, हातात दोर. मी हात हलवला. तिनं हलवला नाही. तिला मी दिसत नव्हते.

वर येताना बशीरभाईंनी मला 'आ' म्हणत राहायला लावलं, म्हणजे श्वास कोंडला जाऊ नये. त्यामुळे मी पाण्याबाहेर डोकं काढलं तेव्हा माझा आ तसाच चालू होता आणि सगळ्या बाया हसायला लागल्या. आबांनी मला उचलून पायरीवर ठेवलं. पोरं भोवती ओरडत होती, बाळू विचारत होता की चिखल कुठाय. आईनं सगळ्यांना मागे सारलं, खाली बसली आणि पदरानं माझं डोकं पुसायला लागली. पुसता पुसता, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू, तिनं विचारलं. हे तिनं बशीरभाईंना विचारलं नव्हतं, आणि आबांना तर कधीच नाही.

"तळाला लई अंदार हाय का गं?"

"न्हाई. उजेड हाय. समदं दिसतं."

"समदं म्हंजी?"

"वाळू दिसती, मासं दिसत्यात. वरचं बी दिसतं. तू दिसत व्हतीस."

तिचा हात थांबला. "मी तर हितं काठाव व्हते."

"तितंच दिसलीस. हिरवं लुगडं, हातात दोर. वाकून बगत व्हतीस."

"वरनं तर काय बी दिसत न्हाई. नुसतं काळं पानी."

"वरनं न्हाई दिसत, आई. खालनं दिसतं."

ती पाण्याकडे बघत राहिली. आबा आमच्याकडे पाठ करून उभे होते, पण ते ऐकत होते हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

"त्या दिशी बी ऊन असंच डोक्याव व्हतं," आई म्हणाली. "मी हितंच उबी व्हते. हितनं हालले न्हाई. मला समद्या जल्मात एकच वाटत आलं, तिला वाटलं आसंल आई टाकून गेली."

मी तिचा ओला पदर मुठीत धरला.

"मग मी दिसले आसंन तिला," आई म्हणाली.

"दिसलीस," मी म्हणाले.

आईनं माझं डोकं पोटाशी घेतलं आणि ती रडली, सगळ्या गावादेखत, आवाज करून. आबा वळले आणि आईशेजारी पायरीवर बसले. रडणं ओसरल्यावर तिनं नाक पुसलं, वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि त्या विहिरीचं पाणी ती प्यायली.